दर दोन बोटांवर

दुबलगुंडीत लोकरीचा धागा काढावा तो कोंडाबाईनंच. घरच्या मेंढ्या विकून दहा वर्षं झाली, निम्मी आळी पुण्याच्या बांधकामांवर गेली, तरी घोंगडी विणणारा मल्लप्पा चिटगुप्प्याहून लोकर घेऊन तिच्याच दारात यायचा. यंदा मात्र बाईचा उजवा खांदा धरला. चरख्याचं चाक फिरवायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं, आणि तिचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी.

तिचा भाचा रविकुमार बेंगळुरात मोटरी चालवणारी सर्किटं बनवायचा. २०१०च्या दिवाळीला तो बिनब्रशची मोटर, बॅटरी आणि एक सर्किट घेऊन आला, मोटर चाकाला जोडली आणि ऐटीत म्हणाला, "आत्या, तू निस्ता डाव्या हातानं धागा ओढ. चाकाचं मी बघतो."

चाक फिरलं. बघायला शेजार जमला, आणि धागा तुटला. सांधला, पुन्हा तुटला.

"तीन महिने झाले ना बसून. हात बसायला येळ लागंल," रविकुमार म्हणाला. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक फार लवकर दिसते.

कोंडाबाईनं हातभर धागा घेतला आणि काळ्या घोंगडीवर सरळ ठेवला. "इथं बारीक. दोन बोटं सोडून परत बारीक. परत दोन बोटं. माझा हात चुकंल की बाबा, पर असा मापात चुकंल का?"

रविकुमारचा चेहरा उतरला. बाईनं बोटांनी वाचलं तेच तो ऑफिसात पडद्यावर रोज पाहत होता. मोटरीत तारांच्या तीन गुंडाळ्या असतात, त्या आळीपाळीनं चाक ओढतात. पाळी बदलताना जुनी गुंडाळी चटकन सोडते, नवी सावकाश धरते, आणि मधे क्षणभर जोर कमी पडतो. पंख्याला त्याचं काही वाटत नाही. साहेब म्हणाले होते, "एवढं चालतं," आणि हाही मान डोलावून मोकळा झाला होता.

"मधीच कुणीतरी हात सोडायलंय बघ," कोंडाबाई म्हणाली. "पिंजलेल्या लोकरीचा पेळू सरत आला की आमी काय करताव? नवा धरल्याबिगर जुना सोडताव का?" तिनं करून दाखवलं. जुन्याचे शेवटचे केस नव्या पेळूवर पसरले, थोडा वेळ दोन्ही मिळून गेले, आणि सांधा कुठं आला ते दिसलंसुद्धा नाही.

रविकुमार बघतच राहिला. हा उपाय त्यानं पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. कळला मात्र आज.

मग तीन दिवस तो ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. नवी गुंडाळी धरेपर्यंत जुनी सोडायची नाही. पण किती वेळ? प्रत्येक बदलानंतर आत्या धागा चिमटीतून ओढायची.

"अजून सोडायलंय."

"आता लई धरायलंय, जाडी आली."

मोटरीचा जोर पडद्यावर दाखवणारं त्याचं महागाचं यंत्र बेंगळुरात राहिलं होतं, आणि त्याला त्याची आठवणही झाली नाही. एवढी अचूक बोटं त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी तिच्या चिमटीला खोट सापडली नाही. चाक फिरत राहिलं, धागा येत राहिला, एक हात, दहा हात, चरख्याची चाती धाग्यानं भरली. तिनं धागा ओठांवरून फिरवला. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

तेवढ्यात धाग्यात एक जाडशी गाठ आली. रविकुमार ताडकन उठला. तो लॅपटॉपकडे धावला.

"थांब रे. कामून धावायलास?" कोंडाबाईनं धागा घोंगडीवर ठेवला. गाठीपासून दोन बोटं पुढं मोजली, दोन बोटं मागं मोजली, मग हातभर अंतर चाचपलं. कुठंच काही नव्हतं.

"हिला जोडीदार न्हाई," ती म्हणाली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली. "ही तुझ्या मोटरीची न्हाई. ही माझी हाय."