महामंत्र्याचं डोकं

लखननं खांद्यावरची चंदेरी शाल मागं भिरकावली, कप्तान झालेल्या राकेशच्या पाठीवर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं,

"जेवना का भो?"

शेडमध्ये जमलेली मंडळी खो-खो हसली. रंजनानं मात्र आधी दाराकडं बघितलं. हे वाक्य तिनं लिहिलंच नव्हतं. एखाद्याचा पत्ता कापायचा असला की आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून जेवणाची चौकशी करायची, ही वॉर्डातल्या पुढाऱ्याची, वाल्मिकआप्पांची, सवय सुरतेच्या डिंडोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आणि आप्पा तर दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसले होते.

"कट," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

पलसाण्याची ही बंद पडलेली डाइंग मिल शूटिंगसाठी आप्पांनीच मिळवून दिली होती. कापड रंगवायच्या त्या आडव्या, गोल झाकणांच्या लोखंडी टाक्यांना फॉइल चिकटवलं की झालं अंतराळयान तयार! आकाशगंगेतली भांडणं, तीही अहिराणीत, असली मालिका कोण बघणार म्हणून रंजनाचा नवरा भूपेंद्र आधी तिला हसला होता. आता तोच कॅमेरा धरायचा, आणि सुरतेपासून धुळ्यापर्यंत लोक मोबाइलवर पुढच्या भागाची वाट बघायचे. ते सगळं लखन रंगवत असलेल्या महामंत्री वक्रसेनामुळं. दोन ग्रहांना आपसात झुंजवायचं आणि स्वतः हळूहळू सिंहासनाकडं सरकायचं, हा त्याचा धंदा. बाकीच्यांचे संवाद लिहिताना रंजनाला घाम फुटायचा. वक्रसेनाचे मात्र भांडी घासता घासता सुचत जायचे.

तिनं लखनला टाकीमागं गाठलं.

"कुणी सांगितला होता शहाणपणा?"

"वहिनी, पब्लिक हसली ना?"

"आणि पब्लिकला पाणी तू आणून देणार का?"

गल्लीत अजून टँकर येत होता. पाइपलाइन मंजूर झाली होती, पण ती आधी त्यांच्या गल्लीत शिरणार की मागच्या, हे आप्पांच्या मनावर होतं. आप्पा इतकी वर्षं दुसऱ्यांना निवडून आणत आले होते आणि यंदा स्वतः उभे राहणार होते. गुडघे गेलेल्या सासूबाई, पुष्पाबाई, टँकरचा हॉर्न वाजला की भिंत धरत धरत हंडा घेऊन निघायच्या; सांगून ऐकायच्या नाहीत. आप्पांचं डोकं फिरलं तर आपण गेलो कामातून, एवढंच रंजनाच्या मनात घोळत होतं.

"रंजनाताई, या जरा इकडं," आप्पांनी हाक मारली.

ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

"आप्पा, ते जेवणाचं वाक्य माझं नाही. लखननं आपल्या मनानं..."

"अहो, मीही हसलो की. सगळे भाग बघितलेत मी. तुमचा मंत्री लई डोक्याचा माणूस आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. आप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

"एक विचारतो. पाइप एका गल्लीपुरताच आलाय. दुसरीला अजून वर्ष तरी लागेल. ज्यांना नाही मिळणार ते माझ्या दारावर मोर्चा आणतील, आणि निवडणूक तर तोंडावर. तुमच्या मंत्र्यानं काय केलं असतं?"

हसून उठायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण इतके महिने तो माणूस डोक्यात मुक्काम ठोकून बसला होता, आणि असा सरळ प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तो नाही म्हणणारच नाही," ती म्हणाली. "ज्यांना पाणी द्यायचं नाही, त्यांच्यातल्याच एकाला तो पाणी समितीचा अध्यक्ष करेल. हार, नारळ, शाल, फोटो. मग 'थोडं थांबा' हे त्याच्याच तोंडून वदवून घेईल. आपल्याच माणसावर मोर्चा कोण काढतो? आणि लोक चिडलेच, तर शिव्या त्या अध्यक्षाला."

बोलता बोलता तिचे हात हलू लागले होते. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि माणूस कसला बघायचा?"

"सगळ्यांचा ज्याच्यावर जीव आहे असा. ज्याला आजवर कुणी पुढं बसवलं नाही, असा."

हे म्हणताना तिची नजर गेलीच. समोरच्या टाकीला टेकून अंजनाबाई सम्राटाच्या झग्याला लेस शिवत बसल्या होत्या. त्या मागच्या गल्लीतल्या. सगळे पोशाख त्याच शिवायच्या, एक पैसा न घेता. रंजना लिहायला बसली की तिचा पाण्याचा ड्रमही त्याच भरून ठेवायच्या. तिनं झटकन मान फिरवली, पण आप्पांनी ती नजर पकडली होती.

"त्या नकोत, आप्पा," ती घाईघाईनं म्हणाली. "भोळ्या आहेत हो त्या. मी आपलं कथेचं बोलत होते."

"भोळ्या आहेत म्हणूनच तर," आप्पा म्हणाले. "दिवाळीला तुमच्या गल्लीत पाणी. सासूबाईंना सांगून टाका."

तिला ओरडावंसं वाटलं. पण सासूबाईंनी भिंत धरून टाकलेलं एकेक पाऊल तिच्या डोळ्यांपुढं येत होतं.

"अंजनाबाई, या हो जरा," आप्पांनी हाक दिली.

त्या झगा सांभाळत आल्या आणि उभ्याच राहिल्या. आप्पा दोन गल्ल्यांची पाणी समिती, अध्यक्षपद, रविवारचा सत्कार असं सगळं सावकाश सांगत गेले. अंजनाबाईंना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझं नाव कुणी काढलं?"

"आणखी कोण? आमच्या लेखिकाबाईंनी."

अंजनाबाईंनी रंजनाचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांची बोटं सुईनं खरखरीत झाली होती.

"एवढी शिकलेली माणसं असताना तुला मीच दिसले, पोरी?"

भूपेंद्र कॅमेऱ्यामागून पुढच्या शॉटसाठी हाका मारत होता. आप्पा रंजनाकडं बघत होते, शांतपणे, घाई नसल्यासारखे.

"तुमच्याशिवाय आहे कोण, मावशी?" रंजना म्हणाली, आणि त्यांच्या पदराला चिकटलेला जरीचा धागा तिनं हळूच काढून टाकला.