तिसरा पेड

"सरकारचं मीठ खायचं आणि शिंपीदादाच्या गळ्यासाठी दोर वळायचा. घास तरी कसा उतरतो तुमच्या घशाखाली?"

"मीठ तूही सरकारचंच खातोस," बाप म्हणाला. "दुसरं विकायला बंदी आहे. तोंड आवर आणि कमरेला वाख बांध. होडीवाल्यांचा माल राहिलाय."

पोराला सगळे ठिणगी म्हणायचे. नाव शाळेत पडलं. शाळा सुटली, नाव सुटलं नाही. शाळेत रोज सकाळी भिंतीवरच्या लाटसाहेबाच्या तसबिरीला सलाम ठोकायचा असायचा. एक दिवस ह्यानं तसबिरीकडे पाठ केली. हेडसाहेबानं कान पिळला, ह्यानं हात झटकला, आणि तिथून जो निघाला तो थेट बापाच्या दोरकामात येऊन पडला.

दोरकाम म्हणजे एक लांबच लांब छप्पर. एका टोकाला चाक. बाप चाक फिरवणार, आणि पोरानं कमरेला वाख, म्हणजे दोराचे कच्चे तंतू, गुंडाळून, बोटांतून सूत सोडत, मागं मागं चालत दुसरं टोक गाठायचं. असल्या सुतांचा एक पेड, असल्या तीन पेडांचा दोर. बंदरावरची माणसं चेष्टा करायची, की हे घर उलटं चालून पोट भरतं.

आज मघाशीच तुरुंगाचा कारकून खच्चरगाडी घेऊन आला होता. बापानं त्याच्यासमोर दोराला धोंडा टांगून दाखवला. कारकुनानं टोकाशी लाल धागा आहे का तेवढं पाहिलं. सरकारी दोराच्या एका पेडात लाल धागा घालावा लागतो, चोरीला गेला तर ओळखू यावा म्हणून. मग दोर गाडीत टाकून तो गेला. फाशी उद्या सकाळी.

"शिंपीदादानं केलं काय असं?" ठिणगीनं वाख बांधला नाहीच. "मिठावर कर. जाळं पाण्यात टाकलं की कर, वाळत घातलं की दंड. एवढ्या बंदरात एक माणूस उठला आणि म्हणाला, मिठाच्या गोदामाच्या दारात बसू, हलायचं नाही. एवढंच ना?"

"बसवलं कुणाला?" बापानं चाक थांबवलं. "पुढच्या रांगेत कोण होतं?"

पुढच्या रांगेत थोरला होता, ठिणगीचा सख्खा भाऊ. गोळी त्याला लागली, तो गेला. मागून गोदाम पेटलं, आत एक पहारेकरी मेला, आणि आग कुणी लावली ते न विचारता फाशी शिंपीदादाला झाली.

"आणि तुमचा तो वकीलसाहेब," बाप बोलतच होता. "भाषणात सगळ्यांच्या पुढं. गोळीबाराच्या दिवशी त्याला ताप भरला. आता लाटसाहेबाच्या मंडळात खुर्ची उबवतोय. एकानं माझ्या पोराला पुढं बसवलं, दुसरा फिरकलाच नाही. मी दोघांनाही ओवाळणार नाही."

"म्हणून सूड उगवताय. हौसेनं दोर वळताय. बसून बसून गुळगुळीत केलात काल."

"जास्त बोलतोयस."

"बोलणार. आणि उद्या तुटला तर? मग बघू कसं तोंड दाखवता. तुटला तर सोडावं लागतं माणसाला. कायदाच आहे तसा."

"कुणी सांगितलं?"

"सगळं बंदर सांगतंय."

कोपऱ्यात आत्या वाख विंचरत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "बंदराचं काय घेऊन बसलास. बंदर सांगतं वकिलाला खरंच ताप होता."

बाप हसला नाही. चाकाच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला.

"नावाड्यांचं पहिलं बंड झालं तेव्हा मी तुझ्याएवढा असेन," तो म्हणाला. "म्होरक्याला फाशी दिली, आणि दोर तुटला. पायांवर पडला तो, दोन्ही पाय गेले. लोक ओरडले, सुटला, सुटला. शिपायांनी त्याला खुर्चीला बांधला, दुसरा दोर आणला आणि खुर्चीसकट पुन्हा चढवला. तो वरपर्यंत पाणी मागत होता."

"मग?"

"मग काय. तुटलेला दोर तुझ्या आज्याचा होता. चुकून तुटला की मुद्दाम, त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून हा माल दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नाही. मीही देत नाही. शिंप्याचा मला राग आहे. राग असला तरी माणसाला दोनदा मारायचं नसतं."

ठिणगी पाणी प्यायला वळला तर आत्या म्हणाली, "दादा, ही कुजक्या वाखाची टोपली रिकामी कशी? होड्यांच्या फटीत भरायला ठेवला होता तो."

बापानं टोपलीकडे पाहिलं. मग पोराकडे.

"कुठल्या पेडात?"

"तिसऱ्या," ठिणगी म्हणाला. "लाल धाग्याच्या. आतून कुजका, वरून चांगला. तुमची चाकाकडे नजर होती."

"धोंडा पेलला की."

"दोन पेड धड आहेत. नुसतं वजन पेलतील. झटका बसला तर..." त्यानं रिकामी टोपली उचलून उलटी ठेवली. "मला वाटलं, सोडतील त्याला."

बापाचा हात उठला. आत्यानं डोळे मिटून घेतले. पण हात पोराच्या अंगावर आलाच नाही, वरच्या खुंटीवर गेला. सरकारी दोर बाप नेहमी दोन वळायचा, एक द्यायला, एक अडीअडचणीला. दुसरा खुंटीवर होता. हा त्यानं आधीच, ठिणगीचा हात न लागता वळला होता, लाल धाग्याशिवाय. तो खाली ओढून बापानं टोकाचा पीळ उकलला आणि हातभर लाल धागा आत ओवला.

"कारकून टोकच बघतो," तो म्हणाला. "म्हणायचं, बापानं घाईत चुकीचा दिला, बदलून द्या. ओशाळ्यासारखं तोंड कर. तेवढं तरी जमेल ना तुला? आण, मीच जातो."

"तो तुम्हाला ओळखतो. तुम्ही स्वतः धावत गेलात तर संशयानं तो पहिल्या दोराला धोंडा पुन्हा टांगेल. चार वेळा टांगेल."

"आणि तुला पकडलं तर?"

"पेड मी घातलाय."

बापानं दोर त्याच्या खांद्यावर टाकला. जड होता. ठिणगीनं बोटांनी पीळ चाचपला, कुठं सैल सापडतो का ते पाहिलं. कुठंच नव्हता.

"ह्यानं मरेल तो," ठिणगी म्हणाला.

"मरेल. एकदाच."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"मी मागितली का माफी?"

आत्या म्हणाली, चढावर खच्चर दमतं, गाडी अजून वळणाशीच असेल, दोन घोट पाणी तरी पिऊन जा.

"नको," ठिणगी म्हणाला. "मला आता निघायला हवं."