खाली पाहणारं सैन्य

चेतना जेवणाचं ताट घेऊन माडीवर आली, तेव्हा जिनेश सैन्य बांधत होता.

खाटेवर वर्तमानपत्राचे चौकोन फाडून ठेवले होते, कापसाचा गठ्ठा उघडा पडला होता. तो एकेक शिपाई उचलून आधी कापसात, मग कागदात गुंडाळत होता. शिपाई म्हणजे बोटाएवढे, शिशाचे. उजवा हात थरथरत होता म्हणून कागद सारखा कुरकुर वाजत होता. खाली दुकानात कोणी उभं असतं तर त्याला वाटलं असतं, वर चिवड्याची पुडी फोडलीय.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"नागपूरले पाठवतो. त्या रंगवनाऱ्या मानसासंग बोलनं झालं माह्यं. सोमवारी कुरिअरवाला येते."

"काहून पण?"

"काहून म्हनजे? त्याचे हात चांगले आहेत."

एवढं बोलून त्यानं पुढचा शिपाई उचलला. चेतनानं ताट खाली ठेवलं. वरणावर साय धरेपर्यंत दोघांपैकी कोणी त्याला हात लावला नाही.

हे शिपाई एल्फ होते. परदेशी परीकथांतले सडपातळ, रानात राहणारे लोक. कान वर निमुळते, केस लांब, हातात धनुष्य नाहीतर भाला. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्यानं ते तरुणपणी घेतले होते आणि डब्यात तसेच कोरे ठेवले होते. जिनेशची आणि त्याची ओळख मोबाइलवर झाली, आणि मग वर्षातून दोन-तीनदा रिसोडच्या पोस्टात एक लहानसा डबा यायला लागला. आता अशी ओतीव कामं कोणी करत नाही म्हणे. प्रत्येकाचा चेहरा निराळा, प्रत्येकाची उभं राहायची तऱ्हा निराळी. चेतनाच्या सासूबाई, अंगुरीबाई, त्यांना 'कानवाले' म्हणत. सासऱ्यांच्या, दुलीचंदजींच्या वेळेपासून घरचं दुकान रंगाचं. भिंतीचे, लोखंडाचे, दाराचे रंग मिसळण्यात जिनेशचं आयुष्य गेलेलं. तोच माणूस दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून खिडकीत बसायचा आणि केसाएवढ्या टोकानं झग्याच्या काठाला रंग लावायचा. ब्रश नायलॉनचा. जनावराच्या केसाचा ब्रश चांगला चालतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण तो या घरात येणार नव्हता. नायलॉनचं टोक चार दिवसांत वाकडं व्हायचं. तो ते ओठांनी सरळ करायला जायचा आणि चेतना ओरडायची, "शिशाचा हात आहे, तोंडात काय घालता!"

लढाईचा खेळ असतो या सैन्याचा, पण जिनेश तो कधी खेळला नाही. रिसोडात खेळणार कोणाशी?

"सैन्य आहे तं दुश्मन कोन आहे बाबा?" अंगुरीबाईंनी एकदा विचारलं होतं.

"कोनीच नाही बाई. नुसते उभे राहतात."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. जैनाच्या घरात भाले आले याचा निकाल त्यांनी तिथंच लावून टाकला.

झगे झाले, केस झाले, ढालींवरची पानं झाली. डोळे राहिले. राहिले म्हणजे त्यानं मुद्दाम ठेवले. लहानपणी त्यानं पंचकल्याणकात, मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या सोहळ्यात, तिचे डोळे उघडताना पाहिलं होतं. पडदा ओढलेला, आत महाराज, बाहेर सारा मांडव श्वास धरून. तोवर दगड, आणि नंतर भगवान. ते त्याच्या मनात इतकं बसलं होतं की त्यानं सगळ्यांचे डोळे शेवटी, एकाच बैठकीत करायचं ठरवलं. हा छंद करणारे दुसरे लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात. नागपूरवाल्यानं त्याला तसं सांगितलंही होतं. "भाऊ, डोळे आधी करा, मग चुकलं तरी झाकता येतं." जिनेश नुसता हसला होता. डोळे आधी? मग उरलं काय!

आणि मग हात थरथरायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी काय होईल आणि काय होणार नाही हेही सांगितलं. परत आल्यावर जिनेशनं पहिला डोळा करून पाहिला. काळा फराटा गालावरून कानापर्यंत गेला. त्यानं तो पुसला, कपाट लावलं, आणि त्यानंतर त्याचं एकेक गोष्टीतून उठून जाणं सुरू झालं. आधी गल्ल्यावर बसणं सुटलं, मग मंदिरात जाणं. हल्ली चहाही तो कोणी नसताना प्यायचा, बशीत सांडतो म्हणून. चेतनाला हे सगळं दिसत होतं. आता सैन्य गेलं की हा माणूस खाटेवरून उठायला कारण राहणार नाही, हेही दिसत होतं.

"मी करतो डोळे," ती म्हणाली.

"तुले काय येते?"

"पोराईले काजळ घातलं ना मी. तुमच्या बहिनीच्या लग्नात तिचे डोळे कोनं केले होते?"

"ते डोळे आधीच होते तिले."

पण तो हसला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं कागदातून एक धनुर्धारी काढला आणि तिच्या हातात दिला. "कर. बिघडला तं बिघडला."

बिघडलाच. चेतनानं चष्मा लावला, कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवलं, श्वास धरला, आणि पांढऱ्याच्या दोन टिकल्यांत काळ्याच्या दोन टिकल्या ठेवल्या. मग दोघांनी पाहिलं. एक डोळा मालेगावकडे, एक हिंगोलीकडे.

"याले बाण मारायले लावला तं आपल्याच मानसाले मारन," जिनेश म्हणाला.

दुसरा केला. तो घाबरलेला निघाला. तिसरा असा, की त्याच्या घरी कोणीतरी आताच गेलंय. चौथ्याच्या वेळी जिनेश 'वर घे, वर घे, अगं बारीक' असं सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचा हात आपोआप ब्रश धरायला पुढे आला. आला, थरथरला, आणि तिच्या मनगटावर आपटला. भालेवाल्याच्या नाकाला मिशी फुटली.

"राहू दे," तो म्हणाला. "नाही होत. बांध."

"होते. तुमी बोलू नोका फक्त."

"चेतना, बांध म्हनलं ना."

"तुमाले कोनं सांगतलं होतं शेवटी ठेवायले?" तिच्या तोंडून गेलं. "मुहूर्त पाहून राह्यले होते! साऱ्याईले आंधळं उभं केलं, आन् आता मले म्हनता बांध!"

जिनेश भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. हात पोटाखाली दाबून धरला होता त्यानं, तरी खाट हलत होती. चेतना ताट उचलून खाली आली आणि एका गिऱ्हाइकाला पिवळ्याऐवजी बदामी रंग देऊन बसली.

सकाळी ती मंदिरात गेली. रोजच जायची. अक्षता वाहिल्या, तीन फेऱ्या घातल्या आणि बसली. मन काही जागेवर नव्हतं. डोळे, डोळे, सारखे डोळेच डोक्यात. पार्श्वनाथांसमोर बसून माणूस रोज जे पाहतो ते ती त्या दिवशी रंगवणाऱ्याच्या नजरेनं पाहत बसली. पापणी खाली आलेली. आत पांढरं नाही, काळं नाही. एक कमान, आणि तिच्याखाली सावली. एवढ्यावर लोक मैलोनमैल चालत येतात, आणि कोणी म्हणत नाही की याला डोळे नाहीत.

ती माळ तशीच ठेवून उठली. मागे बसलेल्या रंजीताबाईंनी विचारलं, "काय झालं वो? गॅस चालू राह्यला काय?"

"हो," चेतना म्हणाली. मंदिरात खोटं बोलल्याचं तिला जिन्यावर आठवलं.

घरी येऊन तिनं जिनेशला काही विचारलं नाही. लाकडाच्या पॉलिशचा असतो तसा तपकिरी रंग पातळ केला, भालेवाल्याची मिशी पुसली, आणि भुवईच्या खाली एकच रेघ ओढली. बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरलेली. दुसऱ्या बाजूला तशीच. मग ब्रश ठेवून दिला.

जिनेश कधी उठून मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्यानं शिपाई घेतला. एका हातात धरवेना म्हणून दोन्ही हातांत घेतला, आणि खिडकीशी नेला. बाजार समितीकडे जाणारं सोयाबीनचं ट्रॅक्टर खालून गेलं आणि तावदानं वाजली.

"हा तं खाली पाहून राह्यला," तो म्हणाला.

"हो."

"सैन्य खाली पाहते काय कुठं?"

"दुसऱ्याचं नसन पाहत. तुमचं पाहीन."

अंगुरीबाई माळ ओढत दारात बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. शिपाई पार नाकापाशी नेऊन पाहिला, आणि परत देताना म्हणाल्या, "काल याले पाह्यलं तं कोनी दार उघडाची वाट पाहून राह्यला असं वाटे. आज घरचा वाटते."

जिनेश खाटेवर बसला. त्यानं एक पुडी सोडली, मग आणखी एक. चेतना रेघा ओढत गेली. काही रेघा जाड आल्या. ते शिपाई झोपलेले दिसायला लागले. त्यावर जिनेशनं 'पहाऱ्यावर झोपले हे' असं म्हटलं, पण पुसायला सांगितलं नाही. दुपारपर्यंत चार-पाच जण कठड्यावर उभे होते. आणि मग जिनेशच्या कपाळाला आठी पडली.

"खाली पाहतात ते ठीक. पण खाली काय आहे?"

खाली बाटलीचं बूच होतं. रंगवताना धरायला म्हणून प्रत्येकाला बुचावर चिकटवलेलं. पुढे त्यांना लहान गोल लाकडी चकतीवर उभं करायचं आणि चकतीवर जमीन करायची, ती राहिलीच होती. त्या जमिनीनंच सैन्य होतं, असं जिनेश नेहमी म्हणायचा. कोणी कसंही उभं असो, पायाखाली एकच भुई असली की ते एकमेकांचे दिसतात.

"हिरवं पाहिजे," तो म्हणाला. "रानातले आहेत हे. गच्चीच्या भिंतीवर शेवाळ आहे ना, ते वाळवून..."

"खबरदार!" दारातून आवाज आला. "चौमासा आहे. शेवाळात अनंत जीव. तुह्या कानवाल्याईसाठी मी भिंत खरडू देनार नाही."

"बरं बाई."

"आन् कुंडीतली मातीही उकरू नोको."

जिनेश हताश होऊन चेतनाकडे पाहायला लागला. ती उठली, खाली गेली. दुकानासमोर ट्रॅक्टरांच्या टायरमधून गळलेली काळी माती रोज पडायची; सोयाबीनच्या त्या दिवसांत ती झाडता झाडता चेतनाची कंबर मोडायची आणि ट्रॅक्टरवाल्यांचा उद्धार व्हायचा. उन्हानं आणि चाकांनी मातीचा भुगा झाला होता. चेतनानं सुपलीभर आणली आणि आधी सासूबाईंसमोर धरली.

अंगुरीबाईंनी बोटानं चाचपली. "ही तं तुडवलेली, भाजलेली. हिच्यात काय राह्यलं आता? घ्या."

"काळी?" जिनेश म्हणाला. "हे इंग्लंडातले आहेत, चेतना. यायच्या पायाखाली काळी माती?"

"मंग काय झालं? आता इथंच आले ना."

तिनं चकतीवर गोंद लावला, शिपाई बुचावरून सोडवून वर उभा केला, आणि चहाच्या गाळणीत चिमूटभर माती घालून हलवायला गेली. भस्सकन एका जागी ढीग पडला. शिपायाचे गुडघे गेले.

"आन इकडं," जिनेश म्हणाला.

त्यानं गाळणी हातात घेतली. ती चकतीवर नेली आणि नुसती धरली. हलवायची गरजच नव्हती. माती बारीक, एकसारखी पडायला लागली. पायांभोवती, झग्याच्या काठाशी, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. चेतनाला पाहता पाहता समजलं, आणि ओठांवर एक थट्टाही आली. एरवी तिनं सोडली नसती. ती तिनं गिळली, आणि दुसऱ्या चकतीला गोंद लावायला घेतला.

जिनेशनंही पाहिलं होतं. तो हाताकडे असा पाहत होता, जसं घरातून निघून गेलेलं कोणी परत आलंय आणि आता त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही. गाळणी रिकामी झाली तरी हात हलतच राहिला.

"थांबत नाही," तो म्हणाला.

"नोका थांबवू," चेतना म्हणाली. "माती अजून आहे."

शिपायाची नजर खाली होती आणि आता त्याला पाहायला काहीतरी होतं. रिसोडची भुई, कोरडी, काळी. त्याच्याकडे पाहून असं वाटत होतं की तो तीत पडलेल्या कोणाला शोधत नाही, कोणाला पाडायलाही आलेला नाही. फक्त पाऊल कुठे पडतंय ते बघतोय.

सोमवारी कुरिअरवाला खालून ओरडला तेव्हा माडीवर दोघंही कामात होती. जिनेश उठून कठड्याशी गेला. "नाही पाठवायचं," असं तो वरूनच म्हणाला, आणि मग खाटेवर बसून नागपूरला फोन लावला. पलीकडच्यानं बरंच काही विचारलं असावं.

"झाले डोळे," जिनेश सांगत होता. "नाही हो, मी नाही. माझ्यानं कुठं होते आता... आमच्या घरच्यांनी केले."

एवढंच. या मुलखातला नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. चेतनाची मान खालीच होती. रेघ अर्ध्यात होती आणि ती अर्ध्यात सोडता येत नव्हती. पलीकडच्यानं आणखी काही विचारलं.

"चेतना," तो म्हणाला. "चेतना नाव आहे तिचं."

तिनं रेघ पुरी केली. मग ब्रश पाण्यात बुडवला, आणि पाणी तपकिरी होताना पाहत बसली. तोवर त्यानं फोन ठेवून गाळणी भरून घेतली होती.