चिखलासाठी सोडलेली जागा

रूलँड कारागिराच्या कामाच्या ओट्यावर त्या सकाळी सोळा पोलादी नळ्या होत्या. चाक धरणारे दोन चिमटे होते, पितळेच्या काड्यांची एक जुडी होती, एक कानस होती आणि एका कपात गार होत चाललेली कॉफी होती. त्यांतल्या आठ नळ्या आणि एक चिमटा म्हणजे मी. उरलेल्या आठ नळ्या आणि दुसरा चिमटा म्हणजे माझी जुळी बहीण. कॉफी रूलँडने शेवटपर्यंत प्यायली नाही.

मित्रांनो, आता मी जुनी सायकल झाले आहे. माझा निळा रंग आडव्या नळीवर टवके उडून गेला आहे. मागच्या धुरीजवळ, म्हणजे चाकाच्या आसापाशी, आणि चिमट्याच्या टोकांशी तो करपलेला आहे. टवके उडाले ते वयाने. करपला तो कसा, हे सांगण्यासाठीच ही हकिकत.

आमच्या फ्लँडर्स प्रांतात हिवाळा आला की शेतांत सायकलींच्या शर्यती लागतात. त्यांना सायक्लोक्रॉस म्हणतात. चिखल, वाळू, गवताचे चढ, मध्येच लाकडाचे अडथळे. जिथे सायकल चालवता येत नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचे. अशा कामासाठी रूलँडने आम्हा दोघींना घडवले. खांद्याला रुतू नये म्हणून आडव्या नळीची खालची बाजू चपटी केली आणि ब्रेकच्या तारा वरून नेल्या. स्टँडची सोय ठेवली नाही, बाटलीची नाही, मडगार्डचीही नाही. मात्र चाक आणि चिमटा यांच्यामध्ये त्याने चांगली बोटभर जागा सोडली. ती कशाला, असे फिर्मिनने विचारले तेव्हा तो म्हणाला, "ही चिखलाची. चिखल कुठेतरी बसणारच. त्याला जागा दिली नाहीस तर तो चाकच धरून ठेवतो."

फिर्मिन आमचा धनी. तो गालिच्यांच्या गिरणीत पाळीवर जायचा आणि दोन सायकली एकदम घेण्याइतका पैसा त्याने कसा साठवला हे त्याच्या बायकोला, गोडेलीवला, कधी नीट कळले नाही. सायकली होत्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी. लीझेलोट तेव्हा सतरा वर्षांची होती. हडकुळी, लांब पायांची, आणि चिखलात शिरली की हसणारी.

दोन सायकली का लागतात, असे तुम्ही विचाराल. अर्ध्या फेरीत सायकल चिखलाने दुप्पट जड होते. मग स्वार वाटेतल्या कठड्यापाशी येतो, मळलेली सायकल टाकतो आणि धुतलेली उचलून पळतो. दुसऱ्या बाजूला कोणीतरी ती मळलेली सायकल पुढच्या वेळेसाठी धुऊन ठेवतो. आमचा तो कोणीतरी म्हणजे फिर्मिन. पाण्याच्या यंत्राची नळी हातात धरून, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, तोंडाने अखंड सूचना देत तो उभा असे. घरी कधी आवाज न चढवणारा माणूस तिथे लेकीला वाटेल ते बोलायचा. ती धापा टाकत म्हणायची, "तुम्ही धुवा. मी पळते." आणि निघून जायची.

शर्यत संपताना बहुधा बहीणच तिच्याखाली असे आणि मी धुतली जात असे. याचे मला कधी वाईट वाटले नाही. पाण्याच्या त्या जोरदार फवाऱ्याला मी माया समजत आले. आणि ती माया होतीच, कारण रविवारी संध्याकाळी फिर्मिन मला पडवीत उलटी टांगायचा, प्रत्येक धुरी उघडायचा, छरे पुसून नवे ग्रीस भरायचा. गोडेलीव त्याचे सूप तिथेच आणून द्यायची. आठवड्याला एक तास धावायचे आणि मग राणीसारखे दिवस काढायचे, असे माझे आयुष्य होते.

त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पितळी माप होते. शर्यतीत टायर तेहतीस मिलिमीटरहून रुंद चालत नाही. सुरुवातीच्या रेषेवर पंच खाचेचे माप टायरवर बसवून पाहतात. पंचांच्या आधी आपण पाहावे म्हणून फिर्मिनने तसेच माप स्वतःसाठी करून घेतले होते. ते टायरवरून सुळकन गेले की तो समाधानाने नाक ओढायचा.

सहा हिवाळे असे गेले. लीझेलोट कधी नववी आली, कधी चौदावी, दोनदा पाचवी. मग एका फेब्रुवारीत ती शर्यतीहून आली, बूट धुतले, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि जेवताना म्हणाली की आता पुरे. व्यायामोपचाराचे तिचे शिक्षण संपत आले होते. औडेनार्डेच्या इस्पितळात जागा मिळत होती. फिर्मिन "बरं" एवढेच म्हणाला. मग पडवीत येऊन त्याने माझी चेन पुसली. ती आधीच पुसलेली होती.

इस्पितळ तेरा किलोमीटरवर. रोज जायचे कशाने, यावर त्या ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरात बरीच चर्चा झाली. बटाट्याचे काप तळून झाले, मेयोनेझची वाटी रिकामी झाली, तरी चर्चा चालूच. गोडेलीवचे म्हणणे होते की जुनी का होईना, मोटार घ्यावी. रूलँड जेवायला आला होता. त्याचे आता दुकानही होते आणि बॅटरीवर चालणाऱ्या सायकली चांगल्या खपत होत्या, म्हणून त्याने तीच सुचवली. पण मग तो प्रामाणिकपणे बोटांवर रस्ता मोजू लागला. आधी शेतातली वाट, बीटच्या हंगामात ट्रॅक्टर तिचा राडा करतात. मग दगड बसवलेला चढ. मग नदीकाठचा गुळगुळीत सरळ रस्ता. बारीक टायरांची सायकल शेतात रुतेल. बाजाराची सायकल दगडांवर दात हलवील. डोंगरी सायकल नदीकाठी जीव काढील. शेवटी त्यानेच पडवीकडे पाहिले. "तिन्ही ठिकाणी बरी चालेल अशी एकच. आणि ती तुमच्याच खिळ्याला लटकलीय."

फिर्मिनचा चेहरा उजळला. पण त्याने अट घातली. सायकल आहे तशीच राहील. स्टँड नको, मडगार्ड नको, टायर तेच, तेहतीसचे. "शर्यतीची सायकल आहे," तो म्हणाला. "तिला भाजीवाली करायची नाही."

लीझेलोटने अट मानली. ती पुन्हा शर्यतीत उतरेल ही बापाची आशा तिला दिसत होती, आणि मलाही. दुसऱ्या खिळ्यावर बहीण टायरांत हवा भरून तयार ठेवलेली होती.

मित्रांनो, ते पहिले महिने मला फार आवडले. पहाटेचे धुके, ओल्या पॉप्लर झाडांची रांग, नदीवरून सावकाश जाणाऱ्या होड्या. पण ऑक्टोबर लागला आणि शेतांतून बीट निघू लागले. मागचे चाक चिखल उचलायचे आणि थेट तिच्या पाठीवर फेकायचे. कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ तपकिरी पट्टा. इस्पितळात आखील नावाचे एक आजोबा होते, कबुतरे पाळणारे, खुब्याचे हाड बदललेले. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी विचारले, "पोरी, तुझ्या पाठीवर कोणी बीट पेरलंय का?" पुढे रोज ते पिकाची चौकशी करू लागले.

आणि रोज संध्याकाळी मी घरी आले की फिर्मिन रबरी बूट चढवायचा. पाण्याचे यंत्र घरघरू लागायचे. फवारा माझ्या धुऱ्यांवर, चेनवर, मागच्या चाकाच्या मध्यावर बसायचा. आठवड्यातून पाच वेळा. मात्र शर्यती नव्हत्या, म्हणून रविवार संध्याकाळचे ते ग्रीसही आता नव्हते. पाणी आत शिरत राहिले आणि बाहेर काढायला कोणी उघडेना. मी कुरकुरत होते. पण सायकलीची कुरकुर दगडी रस्त्यावर कोणाला ऐकू जाते?

डिसेंबरात एका रात्री सगळे गोठले. सकाळी लीझेलोटला वेळेवर पोहोचायचे होते. आखील आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय उभे राहणार होते आणि तिच्याशिवाय मी उठणार नाही असे त्यांनी सगळ्यांना बजावले होते. शेतातली वाट आम्ही पार केली. दगडी चढाच्या तोंडाशी तिने जोर लावला आणि पायडल नुसतेच फिरले. माझ्या मागच्या चाकाच्या पोटात तीन छोटे पोलादी दात आहेत. पायडल मारले की ते चाकाला पकडतात. आदल्या संध्याकाळचे पाणी त्यांच्याभोवती बर्फ होऊन बसले होते. दात उघडेनात. चेन फिरत होती, चाक जागचे हलत नव्हते.

ती उतरली. क्षणभर उभी राहिली. मग वाकून तिने मला खांद्यावर घेतले आणि ती पळू लागली.

दहा महिन्यांनी मी पुन्हा तिथे होते. चपटी नळी तिच्या खांद्याच्या हाडावर नेमकी बसली. तिचा हात चिमट्याकडून येऊन हँडल धरायचा, तो तसाच आला. त्या चढावर तिचा श्वास माझ्या नळ्यांत घुमत होता, आणि खरे सांगते, मोडलेली असूनही मला तेव्हा नव्यासारखे वाटले. माथ्यावरून ती माझ्यावर बसून उतरली, उतार संपला तिथे पुन्हा पळाली. नदीकाठ लांब होता.

ती पोहोचली तेव्हा आखील आजोबा दुसऱ्या कोणाच्या आधाराने उभे राहून, चार पावले टाकून, परत बसलेही होते. त्यांनी त्या दिवशी पिकाची चौकशी केली नाही.

शनिवारी तिने मला रूलँडच्या दुकानात नेले. फिर्मिनही आला. वाटेत तिने बापाला सांगून टाकले की ती बॅटरीवाली सायकल घेणार आहे. तो खाली बघत चालत राहिला. मला कळले की मी आता बहिणीशेजारी लटकणार, टायरांत हवा भरून, कधीच न लागणाऱ्या शर्यतीची वाट पाहत.

रूलँडने माझे मागचे चाक उघडले. तांबूस पाणी ओट्यावर सांडले. मग त्याने पायडलांची धुरी उघडली आणि तिथूनही तेच आले. त्याने छरा बोटांत धरून खिडकीकडे नेला. तो खडबडीत झाला होता.

"फिर्मिन, ही बुडून मेलीय रे," तो म्हणाला. "धुतं कोण हिला?"

"मी. रोज."

"आणि उघडून ग्रीस?"

 फिर्मिन त्या तांबूस पाण्याकडे बघत राहिला. इतकी वर्षे ज्या हातांनी मला जपले, त्याच हातांनी हे केले होते. आणि दर वेळी मायेनेच.

मला वाटले, आता लीझेलोट रागावेल. ती रागावली नाही. तिने बापाच्या बाहीवर हात ठेवला.

"बाबा, मी शर्यत सोडली. सायकल नाही सोडली."

 फिर्मिनने ओट्यावरचे पाणी फडक्याने टिपले. मग विचारले, "पाठीवर चिखल फार उडतो का गं?"

"तीन महिने उडतोय. पीक काढायला आलंय."

तो पहिल्यांदा हसला. नंतर रूलँडकडे वळून म्हणाला, "बत्ती पेटव. मडगार्डाच्या कड्या बसव हिला."

रूलँडने त्याला दोनदा विचारले. एकदा झाळ दिली की रंग करपेल, आणि शर्यतीची सायकल म्हणून हिला कोणी घेणार नाही. फिर्मिन म्हणाला, "विकतोय कोण?" मग ज्या ओट्यावर मी जन्मले त्याच ओट्यावर, तशाच पितळी काडीने, माझ्या अंगाला चार कड्या लागल्या. छरे नवे आले, ग्रीस नवे आले. आणि मडगार्ड बसतील की नाही याची चिंता करावी लागली नाही, कारण चिखलासाठी सोडलेली ती बोटभर जागा तशीच मोकळी होती.

त्याला आता बरीच वर्षे झाली. लीझेलोट अजून माझ्यावरूनच कामावर जाते. आखील आजोबा पुढे तिच्याबरोबर इस्पितळाच्या बागेत चालू लागले आणि घरी जाताना तिला एका कबुतराचा फोटो देऊन गेले. बहीण गावातल्या एका शाळकरी मुलीला मिळाली. ती अजून चिखलात धावते आणि दर रविवारी तिच्या धुऱ्या उघडल्या जातात, असे ऐकते. फिर्मिनचे गुडघे आता वाकत नाहीत. तो स्टुलावर बसून मला धुतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना माया करणारे खूप भेटतात. पण माझे एक मागणे ऐका. आम्ही काल काय होतो याची नव्हे, आज आम्ही कोणते काम करतो याची निगा राखा. आधी विचारा, ही रोज कुठे जाते, काय सोसते? मग बादलीभर कोमट पाणी, मऊ ब्रश, कोरडे फडके आणि चेनला थेंबभर तेल पुरते. जोराचा फवारा माझ्या पोटावर मारू नका. आणि महिन्यातून एकदा मला उघडून पाहा.

त्या शनिवारची एक गोष्ट सांगायची राहिली. कड्या थंड झाल्यावर रूलँडने मला नवे टायर चढवले, रस्त्याचे, जाडसर. हवा भरली. फिर्मिनने सवयीने खिशातून किल्ल्या काढल्या आणि पितळी माप माझ्या पुढच्या टायरवर ठेवले. ते गेले नाही. त्याने किंचित दाबून पाहिले, तरी गेले नाही. मग त्याने ते माप जुडग्यातून सोडवले, बहिणीच्या नव्या मालकिणीला पुढे ते उपयोगी पडले, आणि रूलँडकडून मोजणीचा चिमटा मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने टायरची रुंदी दोनदा मोजली.

पस्तीस पूर्णांक चार मिलिमीटर.