डावीकडचा तांब्या

वलगावच्या रस्त्यावरच्या मंडपात सकाळपासून दीडशे माणूस. वैद्यराज रोग्याच्या तळहातावर शुद्धीचं पाणी ओतत, त्यावर पिवळं फडकं दाबत, आणि फडकं लाल होई. "पायलं? प्रतिकारशक्ती संपली. आतलं विष बोलून राहिलं!" महिनाभर त्यांचा काढा घेतला की म्हणे फडकं पिवळंच राही. लोक हात जोडत.

रांगेत माझ्यापुढे माझी थोरली बहीण ललिता होती. तिला स्तनाचा कॅन्सर. केमोचे दोन डोस झाले होते. तिसऱ्याच्या आधी डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, आठवडाभर थांबू. ताईनं त्यातून एवढंच उचललं, की औषधच तिची ताकद खातंय. ती दवाखान्यात परत गेलीच नाही. वैद्यराजांचा काढा मात्र तिनं महिनाभरात एक दिवसही चुकवला नव्हता.

"ताई, डोस काहून सोडला तू?"

"तुले काय समजते वं? फडकं खोटं बोलते काय?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. अशा ठिकाणी माझी नजर आधी भांड्यांवर अडकते. तासभर पाहिलं. पाण्याचे तांबे दोन होते. नव्या रोग्याला डावीकडचं पाणी, जुन्याला उजवीकडचं. वैद्यराजांचा हात एकदाही चुकत नव्हता, आणि मला तेच खटकलं.

ताईचं फडकं पिवळं राहिलं. मंडपात समाधानाचा सुस्कारा निघाला. मग माझी पाळी. वैद्यराजांनी डावा तांब्या उचलला. मी तो हातातून घेतला आणि त्यांच्याच तळहातावर ओतून फडकं दाबलं. लालभडक. उजवीकडचं पाणी माझ्या हातावर घेऊन दुसरं फडकं दाबलं, तर ते पिवळंच.

"श्रद्धा नसली का असंच होते," वैद्यराज म्हणाले.

"श्रद्धा नाही, डाव्या तांब्यात चुन्याची निवळी आहे, उजव्यात साधं पाणी," मी म्हटलं. "फडकं हळदीचं. हळदीच्या डागाले साबण लावला का तो लाल होते, हे इथल्या एका बाईले मालूम नाही काय?"

मागची म्हातारी म्हणाली, "मंग महाराज, तुमालेच इष चढलं म्हना."

ताई आपल्या तळहाताकडे पाहत राहिली. "मंग माही ताकद?"

"ते रक्ताच्या रिपोर्टात दिसते, ताई."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला रक्त तपासलं. पेशी केव्हाच भरून आल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "झाडपाल्याशी आमचं वैर नाही. तुमच्या पुढच्या डोसांतलं एक औषध मुळात झाडाच्या सालीतच सापडलं. पण ते पारखून, मोजून देतो आम्ही."

बायांनो, कुणी काढा दिला तर तो आधी डॉक्टरांना दाखवा, आणि जो तपासू देत नाही त्याच्यापुढे तळहात धरू नका. ताईचा तिसरा डोस सोमवारी झाला. मधल्या महिन्यात गाठ दीड सेंटीमीटरनं वाढली होती.