शिळा बर्फ

"वॉटी, इकडे ये! नको, थांब, येऊ नकोस... हं, आता ये."

आवाज मोठ्या खडकामागून आला. वॉटी गेडिसची बायको खडकामागे कशाला गेली होती, हे सांगायला नको. उघड्या डोंगरावर, साठी उलटलेल्या बाईला, तीन कप चहानंतर दुसरं काय काम असणार? वॉटी पोचला तेव्हा इशबेल पँटचं बटण लावत उभी होती. तिच्या पुढ्यात, घळीच्या तोंडाशी, दोन खाटांएवढा बर्फ पसरला होता. ऑगस्ट संपत आला होता.

"हाच का रे तुझा तो शिळा बर्फ?"

वॉटी बर्फापाशी उकिडवा बसला. शाळेची बस चालवायचं सोडल्यापासून दर उन्हाळ्यात तो डोंगर पालथे घालत होता ते याच्यासाठीच. हिवाळ्यातला, सावलीत दडून उरलेला शेवटचा बर्फ! गुडघे झिजले, चिलटांनी मान फोडून काढली, पण बर्फ सापडायचा तो दुसऱ्याच कुणाला. इशबेल आज पहिल्यांदाच आली होती, तीही रानातली ब्लेबेरी मिळेल म्हणून.

"असतो असा कुठे कुठे," तो म्हणाला.

संध्याकाळी बारमध्ये गिर्यारोहक मंडळी जमली. त्यांचा म्होरक्या मंगो रेनी भिंतीवरच्या नकाशापाशी पेन्सिल घेऊन उभा राहिला. ज्याला बर्फ सापडेल त्याचं नाव नकाशावर पेन्सिलीने लिहायचं. नवा बर्फ पडेपर्यंत तो टिकला तर शाईने. अशी रीत होती.

"कुणाला सापडला?"

"आम्हाला," वॉटी म्हणाला.

"मला," इशबेल म्हणाली. "मी जरा आडोशाला बसले होते, तर समोर हा."

"शोधत कुठे होती ती!" वॉटी उसळला. "शोधणाऱ्याला सापडतं. बाकीच्यांना नुसतं दिसतं."

"मग तुलाही दिसू दे की एकदा," मंगो म्हणाला. "पुढच्या वेळी चहा जास्त पी."

बार खदखदून हसला. मंगोने पेन्सिलीने लिहिलं, 'इशबेलचा बर्फ'.

त्यानंतर वॉटीला अन्न गोड लागेना. किराणा दुकानातली पोरगी विचारायची, "तुम्ही इशबेलचे मिस्टर ना? त्या बर्फवालीचे?" लोक बर्फ केवढा होता विचारत, तर तो म्हणे, "दोन खाटा? छे! एक. तीही तान्ह्या बाळाची." आयुष्यात पहिल्यांदा तो स्कॉटलंडात कडक ऊन पडावं म्हणून देवाला साकडं घालू लागला. देवानेही, कधी नव्हे ते, ऐकलं.

सप्टेंबरात एका सकाळी त्याने बूट चढवले.

"जरा गुडघ्यांना व्यायाम," तो म्हणाला.

"डोंगरावरचा ना?" इशबेलने सँडविच त्याच्या हातात दिलं. "बघून ये त्याला. हसू नकोस, पण या उकाड्यात मला त्याचीच काळजी लागलीय. जन्मभर बेकरीत पाव भाजले, पाटी मालकाची. घराच्या दारावर तुझं नाव. माझ्या नावाचं असं हे पहिलंच रे काही."

सँडविच खिशात कोंबून वॉटी निघाला.

बर्फ आता टेबलक्लॉथएवढा उरला होता. कडा काळवंडलेल्या, खालून थेंब थेंब गळत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. चार लाथांचं काम! त्याने एक हाणली. पावाएवढा तुकडा सुटला आणि दगडांत घरंगळून गेला. वॉटी त्याच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या लाथेसाठी पाय उचलला, तेवढ्यात ढग सरले आणि कड्याच्या खाचेतून ऊन थेट बर्फावर उतरलं.

पाय खाली आला. वॉटी बर्फाच्या अलीकडे येऊन उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. त्याची सावली जेमतेम अर्ध्यावर पुरत होती. मग त्याने जाकिटाची चेन उघडली, दोन्ही पदर हातांत धरून पसरले, आणि शेतातल्या बुजगावण्यासारखा तो तसाच उभा राहिला.

हात भरून आले. उन्हाला कसलीही घाई नव्हती.