एक सेंटिमीटर कमी

"बाबा, त्या दिवशी तुम्ही टेप शून्यावर धरली होती की एकवर?"

हे विचारायची माझी काय बिशाद! पण माझ्या बँडमधल्या ढब्बू आणि चष्मिशने पैज लावली होती. "तू कसली विचारतेस? बाबांपुढे तुझी भिजलेली मांजर होते." म्हणून विचारलंच. दोघी दारात, पळायच्या तयारीत.

बाबांचा रंधा थांबला.

बाबा सुतार. चार महिने खपून आम्ही दोघांनी इलेक्ट्रिक गिटार केली. मंगळवारी तारा चढवल्या आणि माझं धाबंच दणाणलं. मोकळी तार सुरात, पण बोट जसजसं ब्रिजकडे न्यावं तसतसा सूर नको इतका चढायचा. ब्रिज म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे टेकतं ती धातूची पट्टी. ती गिटारच्या मानेकडे एक सेंटिमीटर सरकून बसली होती. आणि शनिवारी शाळेत कार्यक्रम! हीच गिटार वाजवणार, असं अख्ख्या वर्गाला सांगून बसले होते मी.

बाबांच्या टेपचं टोक झिजलंय. ते एकच्या खुणेपासून मोजतात आणि शेवटी मनातल्या मनात एक वाढवतात. एकटेच काम करतात, मग सांगणार कुणाला? ब्रिजची जागा मोजली त्या दिवशी मात्र दुसऱ्या टोकाला खूण मी केली होती.

"एकवर," बाबा म्हणाले. "सांगायचं राहिलं."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पैज जिंकले, पण दारात टाळी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

ब्रिजच्या स्क्रूंची जुनी भोकं त्यांनी त्याच लाकडाच्या खुंट्या करून, सरस लावून बुजवली. शुक्रवारी सरस वाळला. बाबांनी ड्रिल उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. नवी भोकं जुन्यांना जवळजवळ चिकटून पडणार होती. जरा हात हलला की लाकूड चिरलंच.

"दुसऱ्या कुणाकडून करून घे," ते म्हणाले. "तीस वर्षांत पहिल्यांदा टेपची भीती वाटतेय."

आई दारात उभी. "दोघांनी मिळून एक सेंटिमीटर खाल्लात, आता पचत नाही होय?"

कुणीच हसलं नाही.

"बाबा, तुमचा अंगठा एकवर होता ते मला दिसलं होतं. पण तुम्ही कसे चुकाल, म्हणून गप्प बसले. परवाचा प्रश्नही उत्तर ठाऊक असूनच विचारला."

"मग तेव्हाच बोलायचंस ना, कार्टे!" बाबा ओरडले. चार दिवसांत पहिल्यांदाच ओरडले.

मी ड्रिल उचललं. केवढं जड!

"आई, बाबा, नीट ऐका. भोकं मी पाडणार. टेप बाबा धरतील, कुठल्या आकड्यावर धरलीय ते मोठ्याने सांगतील, आणि मी तीनदा विचारणार. लाकूड चिरलं, तर उद्या वर्गासमोर उभी राहून मीच सांगेन, माझ्या हातून चिरलं म्हणून."